हात कधी काढायचा?

कंपनीच्या मेलबॉक्समध्ये वर्षातून एकदोनदा एक मेल हमखास येते. "येत्या रविवारी अपंग मुलांसाठी जलक्रीडा शिबिर आहे, स्वयंसेवक हवेत, पूर्वानुभवाची गरज नाही, टी-शर्ट आणि नाश्ता मिळेल." यंदा आली तेव्हा मला त्यातलं 'पूर्वानुभवाची गरज नाही' जरा खटकलं. ज्याला स्वतःच्या पायांवर ताबा नाही अशा माणसाला मी पाण्यात धरणार, आणि त्यासाठी मला काहीच यायला नको? आमच्याकडे प्रॉडक्शन सर्व्हरवर एक ओळ बदलायची तर तीन जणांची मंजुरी लागते!

म्हणून दोनतीन वीकएंड या विषयावर वाचत बसलो. पाण्यात दुसऱ्याला धरणं हे अंतःप्रेरणेनं करायचं काम असेल असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात त्याला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला सगळ्यात मोठा शोध एका इंजिनियरनं लावलेला आहे. (आता तुम्ही म्हणाल, म्हणूनच याला आवडला. बरोबर आहे.)

आपल्याकडची गावाकडची पद्धत आठवा. पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा आणि काकानं त्याला विहिरीत ढकलून द्यायचं. चार घोट पाणी नाकातोंडात गेलं की पोरगं आपोआप हातपाय मारायला लागतं. पुढच्या उन्हाळ्यात तेच पोरगं काठावरून मुटके मारत असतं. पद्धत झकास आहे, पण हातपाय मारता येतात हे तिच्यात गृहीत धरलेलं आहे. ज्याला ते मारता येत नाहीत तो काठावर बसून बाकीच्यांचे कपडे सांभाळतो. जगभर बहुतेक ठिकाणी विसाव्या शतकापर्यंत हेच चाललं होतं.

या गोष्टीला पहिलं मोठं वळण मिळालं ते अमेरिकेत, पोलिओमुळे. फ्रँकलिन रूझवेल्टला ऑगस्ट १९२१ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पोलिओ झाल्याचं निदान झालं आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९२४ साली तो जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज या गावी गेला. तिथल्या झऱ्याचं पाणी साधारण ३१ अंश सेल्सियस, म्हणजे तासन् तास आत राहता येईल इतकं कोमट. जमिनीवर न हलणारे पाय पाण्यात थोडे हलतात हे त्याला जाणवलं आणि १९२६ मध्ये त्यानं सुमारे दोन लाख डॉलर घालून ती सगळी जागाच विकत घेतली. त्याच्या स्वतःच्या मालमत्तेचा हा फार मोठा वाटा होता. पुढच्या वर्षी तिथं पोलिओग्रस्तांसाठी प्रतिष्ठान उभं राहिलं.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टबद्दल आपण बरंच वाचलेलं असतं. मला भावला तो त्या तलावातला रूझवेल्ट. वॉर्म स्प्रिंग्जची बातमी पेपरात आल्यावर इतर पोलिओग्रस्त तिथं येऊन धडकले, आणि त्यांच्यासाठी तयारी काहीच नव्हती. तेव्हा रूझवेल्ट स्वतः पाण्यात उतरून त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचा, स्वतःला थट्टेनं 'डॉक्टर रूझवेल्ट' म्हणवून घ्यायचा. म्हणजे या इतिहासातला एक पहिला स्वयंसेवक स्वतःच अपंग होता. पुढे तिथं प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आल्या, आणि खुर्च्या ढकलायला गावातली तरुण पोरं आली. त्यांना 'पुश बॉइज' म्हणत.

पण या छान गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर लबाडी होईल. वॉर्म स्प्रिंग्जचा तलाव फक्त गोऱ्या रुग्णांसाठी होता. कृष्णवर्णीय माणसं तिथं नोकरीला होती, उपचारांना नव्हती. त्यांच्यासाठी अलाबामात टस्कीगी इथं वेगळं पोलिओ केंद्र उघडलं ते १९४१ मध्ये. पाण्यात कोणाला घ्यायचं हा प्रश्न पाण्यात कसं धरायचं याच्याही आधीचा आहे. आपल्या देशात पाणवठ्यांचा इतिहास माहीत असलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. महाडचं चवदार तळं १९२७ चं, म्हणजे अगदी वॉर्म स्प्रिंग्जचं प्रतिष्ठान निघालं त्याच वर्षीचं.

असो. आता इंग्लंडमध्ये जाऊ.

दुसऱ्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले सैनिक मोठ्या संख्येनं परत यायला लागले. जर्मनीतून १९३९ मध्ये जीव वाचवून आलेल्या लुडविग गुटमन या ज्यू डॉक्टरनं १९४४ मध्ये स्टोक मँडेविल इथं त्यांच्यासाठी विभाग सुरू केला. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यानं हॉस्पिटलच्या आवारात १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. पॅरालिंपिकचं मूळ ते. ही कथा आता बऱ्यापैकी माहितीची आहे म्हणून इथं थांबत नाही.

मला सांगायची आहे ती लंडनच्याच उत्तर भागातली, साउथगेटमधली गोष्ट. तिथं हॅलिविक नावाची शाळा होती. तिच्या पूर्ण नावात 'पांगळ्या मुलींची शाळा' असे शब्द होते. (त्या काळी यात कोणाला वावगं वाटत नसे. आपणही अपंग, विकलांग, दिव्यांग असा प्रवास केलाच आहे. मी इथं 'अपंग' वापरतोय, साधा आणि रुळलेला शब्द म्हणून.) १९४९ च्या सुमारास जेम्स मॅकमिलन नावाच्या माणसानं या शाळेतल्या मुलींना पोहायला शिकवायला सुरुवात केली. मॅकमिलन डॉक्टर नव्हता की थेरपिस्ट. तो द्रवयांत्रिकीतला इंजिनियर होता, आणि पोहण्याच्या शिकवणीत रमणारा होता. बायको फिल हिच्यासोबत तो हे काम फावल्या वेळात करायचा. साईड प्रोजेक्ट म्हणा ना!

आणि त्यानं प्रश्नच इंजिनियरसारखा विचारला. या मुलीच्या पायात काय बिघाड आहे, हे त्यानं बाजूला ठेवलं. हा अमुक आकाराचा, अमुक घनतेचा पदार्थ पाण्यात ठेवला तर कसा वागेल?

थोडं आठवीचं विज्ञान. पाण्यात स्थिर असलेल्या शरीरावर दोन बलं काम करतात. गुरुत्व खाली ओढतं, प्लावक बल वर ढकलतं. गुरुत्वमध्य साधारण ओटीपोटाच्या पातळीवर असतो. प्लावक बलाचा मध्य त्याहून वर, छातीकडे, कारण फुप्फुसात हवा असते. हे दोन बिंदू एका उभ्या रेषेत नसले की टॉर्क तयार होतो आणि शरीर फिरतं, ते एका रेषेत येईपर्यंत फिरत राहतं. तुमचं-माझं शरीर डावं-उजवं बऱ्यापैकी सारखं असल्यामुळे उताणं तरंगताना आपण सहसा कुशीवर लोळत नाही. पण ज्याचे एका बाजूचे स्नायू आखडलेले आहेत, ज्याला एक पाय नाही, ज्याचा पाठकणा वाकडा आहे, त्याचं शरीर पाण्यात पडल्याबरोबर एका बाजूला लोळायला लागतं. तोंड पाण्यात जातं. बुडण्याची भीती इथून येते, आणि ती अगदी रास्त असते.

म्हणजे या माणसाला हात कसे मारायचे हे आधी शिकवून उपयोगच नाही. आधी शिकवायचं ते श्वास सोडायला. तोंडाजवळ पाणी आलं की फुंकर मारायची, आत ओढायचं नाही. मग शिकवायचं ते फिरण्यावर ताबा ठेवायला. उभ्याचं आडवं कसं व्हायचं आणि आडव्याचं पुन्हा उभं कसं व्हायचं. कुशीवर लोळायला लागलो तर परत उताणं कसं यायचं. यात डोकं म्हणजे सुकाणू. डोकं वळलं की त्यापाठोपाठ शरीर वळतं. पाय अजिबात न हलणारा माणूससुद्धा डोकं उलट्या बाजूला वळवून, एखादा हात शरीरावरून पलीकडे नेऊन, स्वतःला सावरू शकतो. मॅकमिलननं याची पायरीपायरीनं मांडणी केली. पुढे ती 'दहा कलमी कार्यक्रम' म्हणून रूढ झाली. त्यात मजा अशी की पोहण्याचे प्रत्यक्ष हात मारणं येतं ते अगदी शेवटच्या कलमात. आधीची नऊ कलमं नुसती पाण्याशी ओळख, तोल आणि फिरणं यांची!

आता मुद्द्याचं. भोपळा, डबा, दंडाला लावायचे हवेचे फुगे, यातलं काहीही मॅकमिलननं वापरू दिलं नाही. कारण तेच. फुगा लावला की प्लावक बलाचा मध्य सरकतो. माणूस ज्या शरीराचा तोल शिकतो ते त्याचं शरीर नसतंच, ते शरीर अधिक फुगा असतं. फुगा काढला की सगळा हिशोब पहिल्यापासून. आपल्या भाषेत, टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये पास झालेला कोड प्रॉडक्शनला झोपतो, तसं.

मग फुग्याच्या जागी काय? माणूस. एका पोहणाऱ्यामागे एक मदतनीस. या मदतनिसाचं काम काय, याचा इतका बारकाईनं विचार मी दुसरीकडे कुठं वाचलेला नाही. मदतनिसानं पाण्यात ताठ उभं राहायचं नाही, गुडघे वाकवून खांदे पाण्यात न्यायचे, म्हणजे त्याचा चेहरा समोरच्याच्या चेहऱ्याच्या पातळीवर येतो आणि नजरेला नजर राहते. वरून वाकून बोलणारा माणूस म्हणजे हॉस्पिटल! हात सपाट, खालून आधार म्हणून द्यायचा. बोटं आवळून धरायचं नाही. आवळून धरलेला माणूस स्वतःचा तोल कुठं जातोय हे ओळखूच शकत नाही, कारण तो तोल तुम्ही सांभाळत असता. आधार शक्य तितका शरीराच्या मध्याजवळ द्यायचा, आणि जसजसं जमेल तसतसा कमी करत न्यायचा.

पाण्यातल्या माणसाला 'रुग्ण' म्हणायचं नाही. तो 'पोहणारा'. त्याला नावानं हाक मारायची. आजाराचं नाव तलावाच्या काठावर राहतं. शिकवणी गटागटानं, गाणी आणि खेळ खेळत चालते. म्हणजे लक्ष खेळात असतं आणि मदतनिसाचा हात कधी हलका झाला ते कळतही नाही.

आधार कमी करत नेण्याच्या या प्रक्रियेला त्यांनी नाव दिलं डिसएंगेजमेंट. मराठीत काय म्हणावं? 'सुटं होणं' मला बरं वाटतं. ही प्रक्रिया पहिल्या दिवशी सुरू होते आणि शेवटपर्यंत चालते. पोहणाऱ्यानं मदतनिसापासून सुटं व्हायचं, शरीरानं आणि मनानंही. माझ्या अनुभवात दुसरी बाजू जास्त अवघड असते. मदतनिसालाच सुटं होता येत नाही. एखादा प्रोजेक्ट ज्युनियरच्या हातात देऊन आपण त्याच्या खुर्चीमागे उभे राहतो, तसला प्रकार.

हॅलिविकच्या या मुलींभोवती क्लब तयार झाला, आणि १९५२ मध्ये अशा क्लबांची संघटना निघाली. सगळा भर बिनपगारी, पण शिकवून तयार केलेल्या मदतनिसांवर. मॅकमिलन पुढे स्वित्झर्लंडमध्ये बाड रागात्स इथल्या वैद्यकीय केंद्रात गेला आणि तिथं या पद्धतीची उपचाराची शाखा वाढली. आज अनेक देशांतल्या फिजिओथेरपिस्टना हॅलिविक हे नाव माहीत असतं. पण त्याचा पाया शनिवार-रविवारच्या स्वयंसेवकांनी घातला हे बहुधा माहीत नसतं.

या पद्धतीत दोष नाहीत असं नाही. एकास एक मदतनीस म्हणजे जितके स्वयंसेवक तितकेच पोहणारे. माणसं कमी पडली की पोरं काठावर. शिवाय काही जणांना आयुष्यभर कोणाचा तरी हात लागणारच असतो, आणि तो लागला म्हणून त्यांचं पाण्यात असणं कमी प्रतीचं ठरत नाही. 'स्वतंत्र झालाच पाहिजे' हाही एक जाच होऊ शकतो. फुग्यांना सरसकट बंदीही मला थोडी कडक वाटते. कोणाला त्याच्या मदतीनंच पाण्यात एकटं राहण्याचा आनंद मिळत असेल तर तो का नाकारायचा? पण शिकवण्याची सुरुवात कुठून करायची, हे मॅकमिलनचं बरोबर होतं.

तोवर स्पर्धांचं जग वाढत होतं. रोममध्ये १९६० साली भरलेले खेळ आज पहिलं पॅरालिंपिक मानले जातात. २३ देशांतले सुमारे ४०० खेळाडू होते, पोहणंही होतं. आणि राहायची सोय? खांबांवर उभ्या असलेल्या इमारतींत! शेवटी इटालियन सैनिकांनी व्हीलचेअरसकट खेळाडूंना जिन्यांवरून उचलून नेलं. दिवसा पाण्यात शर्यत जिंकणारा माणूस संध्याकाळी पोत्यासारखा खोलीवर पोचवला जातोय. सैनिकांचा यात काही दोष नाही, त्यांनी मनापासून मदत केली. पण आर्किटेक्टनं केलेली चूक स्वयंसेवकांच्या खांद्यावर येणं हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

१९७२ चे खेळ म्युनिकला व्हायचे होते. ते हायडेलबर्गला गेले, कारण ऑलिंपिकनंतर तिथल्या क्रीडाग्रामाच्या सदनिका करायच्या होत्या. आणि इथं आपला माणूस येतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. लष्करात होते, बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचार चालू असताना त्यांना व्यायाम म्हणून पोहायला लावलं. हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक मिळवलं. भारताचं हे पहिलं वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण. परदेशी जायला पैसे कुठले? क्रिकेटपटू विजय मर्चंट अपंगांसाठी संस्थेचं काम करत, त्यांनी मदत केली. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं, अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत हातात पडला, आणि २०२४ मध्ये सिनेमा आला तेव्हा कुठं आपल्या पिढीला नाव कळलं. ४६ वर्षं! यावर काय बोलणार.

आजच्या पॅरालिंपिकमध्ये अंधांच्या शर्यती बघा. तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो, काठीच्या टोकाला मऊ गोळा. पोहणारा भिंतीजवळ आला की हा काठीनं हलकीशी टपली मारतो, 'आता वळ'. अर्धा क्षण आधी मारली तर वेळ वाया, उशीर झाला तर डोकं भिंतीवर. मदत केवढी, तर एका टपलीएवढी. मॅकमिलनला हे आवडलं असतं असं मला उगीचच वाटतं.

तलावाला भिंती असतात, समुद्राला नसतात. समुद्रात हे सगळं न्यायला आणखी वेळ लागला. कॅलिफोर्नियात १९८१ साली जिम गटाकर यांनी अपंगांच्या स्कूबा डायव्हिंगसाठी संघटना काढली. तिची विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. तुम्हाला कोणता आजार आहे हे विचारायचंच नाही. पाण्याखाली तुम्ही स्वतःची काळजी घेऊ शकता का, आणि जोडीदार अडचणीत आला तर त्याला मदत करू शकता का, एवढंच बघायचं. दोन्ही जमत असेल तर इतर कोणाहीसारखा एक जोडीदार पुरे. दुसऱ्याला मदत करणं जमत नसेल तर दोन जोडीदार. स्वतःलाही सावरता येत नसेल तर दोन, आणि त्यातला एक बचावकार्य शिकलेला. म्हणजे अपंग माणसाकडेही संभाव्य मदतनीस म्हणूनच बघितलं जातं, रूझवेल्टच्या तलावातल्यासारखं.

ऑस्ट्रेलियात १९८६ मध्ये गॅरी ब्लाश्के यांनी अपंग सर्फरांची संघटना सुरू केली. मोटरसायकलच्या अपघातात त्यांचा स्वतःचा गुडघा जायबंदी झाला होता. त्यांच्या किनाऱ्यावरच्या दिवसांची रचना बघण्यासारखी असते. वाळूवर चटई, जाड टायरांची खुर्ची, मोठा मऊ सर्फबोर्ड. बोर्डाच्या मागच्या टोकाला एक मुरलेला सर्फर. आणि उथळ पाण्यात, लाटेच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, स्वयंसेवकांच्या रांगा. लाट येते, बोर्ड सुटतो, आणि माणूस या दोन रांगांमधून किनाऱ्याकडे सुसाट जातो. बहुतेक स्वयंसेवक त्याला हातही लावत नाहीत. पडला तर हाताच्या अंतरावर कोणीतरी आहे, एवढ्यासाठी ते छातीभर थंड पाण्यात तासन् तास उभे असतात. अमेरिकेत जेसी बिलावर या सर्फरनं, सतराव्या वर्षी वाळूच्या उंचवट्यावर आपटून मणका दुखावल्यावर, २००१ मध्ये अशाच कामासाठी संस्था काढली. २०१५ पासून अपंग सर्फरांची जागतिक स्पर्धाही होते.

'पूर्वानुभवाची गरज नाही' हे अशा रांगेत खरं असू शकतं. तिथं तुमचं काम ठरलेलं असतं, शेजारी जाणकार असतो, सकाळी अर्धा तास शिकवलेलं असतं. पण ज्या शिबिरात नवख्याच्या हातात एकटं मूल देऊन फोटो काढायला सांगतात, तिथं मी जाणार नाही. नाश्ता कितीही चांगला असला तरी.

आपल्याकडे किनारा अकरा हजार किलोमीटरच्या घरात आहे, पण तो बहुतेक ठिकाणी वाळूपाशीच संपतो. चेन्नईच्या मरीना बीचवर आधी वर्षातून एकदा, जागतिक अपंग दिनाच्या सुमारास, तात्पुरता रॅम्प घातला जायचा. म्हणजे समुद्र वर्षातून एकदाच, आणि तोही कार्यक्रम म्हणून. तिथल्या अपंगांच्या संघटनांनी कायमच्या रॅम्पची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये २६३ मीटरचा लाकडी रॅम्प झाला. पंधरा दिवसांत मंदौस चक्रीवादळानं त्याचं पाण्याकडचं टोक मोडलं. मग तो दुरुस्त करून पुन्हा सुरू केला. त्यावरून व्हीलचेअर पाण्यापर्यंत जाते, आणि ती ढकलायला मेल पाठवून कोणाला बोलवावं लागत नाही.